कुशाबातात्यांची गाडी ऑइल खाते

पोलादपूर,
रविवार

प्रिय प्रियदर्शिनी,

असं लिहिलं की दोनदा प्रिय होतं. तुझ्यामाझ्यात सध्या एकदाही म्हणायची सोय नाही हे मला कळतं, पण नाव तुझ्या आईनं ठेवलं, त्याला मी काय करू? मला साधं दोन अक्षरांचं नाव हवं होतं, गॅरेजातून हाक मारली तर हायवेच्या पलीकडे ऐकू जाईल असं. फोन करून करून माझा अंगठा झिजला. माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस आणि आईचा पहिल्या घंटीला उचलतेस. परवा तिच्या फोनवरून मी लावला, तर 'बोल आई' म्हणालीस. मी नुसतं 'अगं' म्हटलं, तेवढ्यात फोन बंद. म्हटलं, बरं, कागदाला तर कट करता येत नाही. फाडता येतो. पण फाडण्याआधी चार ओळी तरी वाचशील, आणि तू मला ओळखतेस, मी पहिल्या चार ओळींत कधी मुद्द्याचं बोलत नाही. तेव्हा पुढं वाचावंच लागेल.

आईकडून तुझी सगळी बातमी कळते मला. ती समजते मी टीव्ही बघतोय. पनवेलच्या त्या सर्व्हिस सेंटरात तू काउंटरवर बसतेस, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि येणाऱ्याची तक्रार कॉम्प्युटरवर टाइप करतेस. चौदा महिने झाले, एकाही इंजिनाला हात लावला नाहीस. तुझ्या साहेबांनी दोनदा विचारलं, आयटीआय झालीयेस, वडिलांच्या हाताखाली तीन वर्षं काढलीस, आत वर्कशॉपला ये, तर नको म्हणालीस. आणि आईला म्हणालीस, माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही. हे ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ज्या हातानं तू डोळे मिटून कार्ब्युरेटर जोडायचीस, त्या हातानं 'गाडी स्टार्टिंगला त्रास देते' असं टाइप करतेस? त्यासाठी शिकवलं होतं का मी? मी इथं एकट्यानं सहा-सहा गाड्या उरकतो, पाठ धरते, पाना सापडत नाही, पाना सापडला तर चष्मा सापडत नाही, आणि तू तिथं एसीत बसून पावत्या फाडतेस.

हे बघ, सुरू झालो परत. तुझ्यावर ओरडायला हे पत्र नाही. ओरडणार आहे, पण ते कुशाबातात्यांच्या गाडीवर. ती गाडी मी या जन्मात विसरणार नाही आणि बहुधा तूही नाही.

तुला ती गाडी नव्यानं सांगायची गरज नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सुरुवातीपासून सांगायला घेतल्यावरच कळतं की सुरुवातीलाच आपण, म्हणजे मी, कुठं माती खाल्ली. उमरठचे कुशाबातात्या, सत्तरी उलटलेले. त्यांच्या राहुलनं मुंबईला नवी गाडी घेतली आणि आपली जुनी शंभर सीसीची बापाच्या दारात आणून लावली. तात्या त्या वयात शिकले. आनंदीकाकींची औषधं, रेशन, लग्नकार्य, सगळं त्या गाडीवर. पहिल्यांदा आपल्या दारात आले तेव्हा गाडी बंद करून झाली तरी धूर रस्त्यावर तरंगत होता आणि समोरचा टपरीवाला खोकत होता. तात्या टोपी सरळ करत म्हणाले, 'रे काशीराम, गाडी ऑइल खातेय. आठवड्याला वाटीभर खाते.' झालं. 'खाते' म्हटलं की आपण मेकॅनिक लोक लगेच तोंड कुठाय ते शोधायला लागतो. मी तर अठ्ठावीस वर्षं तेच करत आलोय. एकानंही मला कधी ताट बघायला शिकवलं नाही.

आणि तुला मी काय शिकवलं? धुराचे रंग. सकाळचा पांढरा तो पाण्याचा, दोन मिनिटांत जातो, त्याला घाबरायचं नाही. काळा तो पेट्रोलचा, हवा कमी पडतेय. निळा आणि डोळ्याला झोंबणारा तो ऑइलचा, तिथं खरा खर्च. मग आपली कशेडीची परीक्षा. अख्ख्या तालुक्यात ती फक्त काशीराम करतो याचा मला केवढा तोरा! बोगदा झाला तरी जुन्या घाटानंच गाडी न्यायची. चढावर पिळली आणि धूर वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. उतारावर थ्रॉटल सोडून खाली आलो आणि पुन्हा पिळताना भपकारा निघाला तर व्हॉल्व्हचे सील गेले. तात्यांच्या गाडीला मी पुढं होतो आणि तू स्कूटरवर मागं, तोंडाला ओढणी गुंडाळून. चढावर धूर. उतारावर धूर. खाली येऊन थांबलो तर उभ्या गाडीलाही धूर. तू ओढणी सोडलीस आणि म्हणालीस, बाबा, तिन्हीकडे सारखाच आहे, म्हणजे सीलही नाही आणि रिंगही नाही, तिसरंच काहीतरी आहे. किकला दाब पण चांगला लागतोय. मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, तिसरं काही नसतं, गाडीला दोनच रोग. आणि सील बदलायला घेतले.

सील बदलले, तीन आठवडे गाडी शहाण्यासारखी वागली, चौथ्या आठवड्यात तात्या परत दारात, मागं निळा ढग. मी म्हटलं, मग रिंगाच. एअर फिल्टर काढला तर ऑइलनं थबथबलेला, पिळला तर ठिबकेल असा. मी म्हटलं बघ, रिंगा गेल्यात, खालून फुंकतंय. तू इंजिनातून फिल्टरकडे जाणारी ब्रीदरची नळी हातात धरून बराच वेळ बघत होतीस. मग म्हणालीस, बाबा, उघडण्याआधी आतलं ऑइल काढून मोजूया का? किती टाकलं होतं ते माहीत आहे, किती उरलं ते बघू. तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइकं होती, महाडहून पार्ट घेऊन आलेले तुझे नझीरचाचा होते, आणि चारचौघांत शहाणपण दाखवायची मला काय हौस आहे ते तुला माहीत आहे. मी म्हणालो, ऑइल मोजायला आपलं काय दूध डेअरी आहे का? सगळे हसले. नझीर हसला नाही, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. संध्याकाळी आईचं दुधाचं माप पळवलंस, एका पत्र्याच्या डब्यात माप माप पाणी ओतलंस आणि आतून खिळ्यानं रेघा मारल्यास, नऊशे मिलीची जरा लांब, कारण त्या इंजिनात ऑइल तेवढंच लागतं. आई मापासाठी माझ्यावर ओरडली. तो डबा तू बाकाखाली ठेवलास आणि मी त्यात हात पुसायचं कापसाचं वेस्ट कोंबून ठेवलं.

मग मी पिस्टन-रिंगा आणायला महाडला गेलो, तिथं पावसानं अडकलो, सावित्रीचं पाणी रस्त्याला लागलेलं, आणि दुसऱ्या दिवशी परत आलो तर तू इंजिन बांधून मोकळी झालेलीस. नझीरनं आधीच पाठवलेला रिंगांचा जोड त्या दुपारी एसटीनं आला होता. एकटीनं केलंस. पहिली किक मारलीस आणि चालू. रिंगा कशा टाकायच्या ते मीच तुला शिकवलं होतं, तीन जावांच्या गोष्टीनं: तिघींची तोंडं तीन दिशांना, एकीचं तोंड दुसरीला दिसता कामा नये, नाहीतर घरातली गोष्ट बाहेर जाते. आणि वरच्या दोघींच्या तोंडापाशी बारीक अक्षर कोरलेलं असतं ती खूण वर; तिसरी कशीही बसते. खूण खाली गेली तर रिंग ऑइल खाली ओढायच्या ऐवजी वर चढवते. तू हसत म्हणाली होतीस, बाबा, आपल्या घरात आईला एकही जाऊ नाही, तुम्हाला एवढं कसं माहीत.

आणि पंधराव्या दिवशी तात्या परत आले. पंधराव्या! त्या दिवशी माझं डोकं अगोदरच तापलेलं, आदल्या रात्री झोप नाही. गॅरेज भरलेलं. तात्या म्हणाले, 'काय रे, हे काय केलंस?' आणि मी काय केलं ते न बघता, इंजिन न उघडता, डब्याकडे न बघता, सगळ्यांसमोर बोललो. शब्द मला पाठ आहेत, तुलाही असतील. 'पोरीनं रिंग उलटी टाकलीय. मुलीच्या हातात इंजिन दिलं की असंच व्हायचं.' तू पाना जागेवर लावलास. हात रॉकेलनं धुतलेस, मग साबणानं, मग परत साबणानं. मला वाटलं रागावून चहाला गेलीस. आठ दिवसांनी तू पनवेलला होतीस.

आता मधलं थोडं सोडतो. तू गेल्यावर मी ते इंजिन उघडलं होतं, नव्या रिंगा टाकून बंद केलं होतं. ते नंतर सांगतो. तात्यांना म्हटलं, आता झालं काम. तेही उमरठभर सांगत फिरले, पोरीनं उलटं टाकलं होतं, बापानं सरळ केलं. पुढं महिनाभरानं गाडी परत धुरावर आली. मी म्हटलं ऑइलच भेसळीचं असणार. ऑइल बदललं, महिना गेला, परत. मी म्हटलं पेट्रोल. मी म्हटलं, तात्या, तुम्ही क्लच ओढून चालवता. मी म्हटलं, उमरठचा चढच वाईट. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांच्या बहाण्यांना हसलो, आणि बहाण्यांचं दुकान मीच मांडून बसलो होतो. लांबून तो निळा ढग येताना दिसला की मी गाडीखाली शिरायचो. एकदा तात्या माझ्या पायांशी बोलले, 'काशीराम, पाय दिसतायत रे तुजे.'

तीन आठवड्यांपूर्वी परत आले. मी ऑइल काढायला खालचा ड्रेन बोल्ट सोडला. मोजायचं माझ्या मनात होतं असं खोटं लिहिणार नाही. घमेलं दुसऱ्या गाडीखाली होतं, हाताला तुझा डबा लागला, वेस्ट उपसून फेकलं आणि डबा खाली सारला. ऑइल पडत राहिलं. मी तात्यांशी काहीतरी बोलत होतो, आणि बघतो तर तुझी नऊशेची रेघ बुडाली. मग हजाराची. बाराशेच्या वर बोटभर गेलं तेव्हा धार थांबली. टाकलं होतं मी नऊशे. मधे गाडीनं वाटी वाटी दोन महिने 'खाल्लं' होतं. खाणाऱ्याच्या पोटातून वाढलेल्यापेक्षा जास्त निघालं, प्रियू. मी तिथंच पोत्यावर बसलो. तात्या विचारत होते, काय झालं रे, इंजिन गेलं का? मी म्हटलं, नाही तात्या, तुम्ही ऑइल कधी टाकता? म्हणाले, 'शनवारी.'

मी त्या शनिवारी उमरठला गेलो. आनंदीकाकी म्हणाल्या, बसा, ते मारुतीला तेल घालायला गेलेत. थोड्या वेळात तात्या आले, हातात तेलाची वाटी, कपाळाला शेंदूर. वाटी धुतली, पुसली, आणि पडवीतून इंजिन ऑइलचा कॅन आणला. म्हणाले, 'देवाला शनवारी, हिला पन शनवारी. म्हंजे इसरायला होत नाय.' राहुलनं जाताना सांगितलं होतं, बाबा, ऑइल मापायची काडी बघत जा, कोरडी दिसली की ऑइल टाका, नाहीतर इंजिन जाम होईल. तात्या अक्षरशः तसंच करत होते. एक शनिवार चुकवला नाही, तापात सुद्धा. आणि गाडी कुठं उभी? अंगणात. उमरठचं अंगण तुला माहीत आहे, एका कडेला पेला ठेवला तर दुसऱ्या कडेला सापडतो. त्या उतारावर साइड स्टँडला, डाव्या अंगावर कलंडलेली. ऑइलची काडी उजव्या अंगाला! आतलं सगळं ऑइल डावीकडे गोळा झालेलं, काडी कोरडीच निघणार. काडी कोरडी म्हणून तात्या वाटी ओततात, जास्तीचं ऑइल नळीतून एअर फिल्टरात जातं, तिथून परत इंजिनात ओढलं जाऊन जळतं, धूर होतो, धूर दिसला की तात्यांना वाटतं गाडीनं खाल्लं, म्हणून पुढच्या शनिवारी वाटी जरा मोठी. मी दर दुरुस्तीला ऑइल नवं नऊशे भरायचो, म्हणून काही दिवस बरी वाटायची. गाडी काही खात नव्हती. तिला दर शनिवारी उपाशी समजून भरवत होते.

मी ओरडलो, हे सांगायला नको. तात्यांवर, राहुलवर, साइड स्टँड बनवणाऱ्यावर, उमरठच्या डोंगरावर. म्हटलं, तात्या, अहो मारुतीला पोट नाही म्हणून चाललंय, हिला आहे! काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग मीच एक सपाट दगड शोधला, अंगणात बसवला, वर पेलाभर पाणी ठेवून सरळ आहे का पाहिलं, आणि गाडी डबल स्टँडवर त्यावर उभी केली. काडी बाहेर काढली तर ऑइलची रेघ बरोबर वरच्या खुणेला. तात्यांना ती दाखवली. ते काडीकडे बघत राहिले, मग दगडाकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं आता म्हणतील, एवढं साधं तुला दीड वर्ष कळलं नाय? ते म्हणाले असते तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं, माझ्याकडे उत्तरांची कमी नाही. ते म्हणाले, 'मंग काशीराम, पोरीनं रिंग उलटी नव्हती टाकली?'

काकी आत निघून गेल्या. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, 'मी गावभर सांगितलं रे. माज्या तोंडानं.' मी चहा अर्धा ठेवून उठलो. सगळा उतार मी स्वतःला सांगत आलो, आता कळलं ना, आता काय. पण ते खरं नव्हतं. मला आता कळलेलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस रोज वाट बघितली, निळा ढग येतो का. आला नाही. काल तात्या आले, समोर गाडी उभी केली, रेस केली, सायलेन्सरला पांढरा रुमाल धरला आणि सगळ्यांना दाखवला. रुमाल पांढरा. टपरीवाला सुद्धा बघायला आला. नझीरही होता, पार्ट घेऊन आलेला. तेव्हा मी त्याच जागेवर उभा राहिलो, जिथं चौदा महिन्यांपूर्वी उभा होतो, आणि सांगितलं की माझ्या मुलीची काही चूक नव्हती, ती मोजा म्हणत होती आणि मी तिला डेअरी म्हणालो. मला वाटलं नझीर पाठीवर हात ठेवेल. त्यानं खोकं बाकावर आपटलं आणि म्हणाला, 'मला काय सांगतोस? ती काय माझ्यापुढं रडतेय का? तिला सांग की.'

म्हणून हे पत्र. आणि आता ते मधलं, जे सोडलं होतं. तू गेल्यावर नवव्या दिवशी मी शटर अर्धं ओढून ते इंजिन उघडलं. मनाशी म्हणत होतो, उलटी असू दे, एक तरी उलटी असू दे, म्हणजे मी बोललो ते खरं ठरेल. सिलेंडर उचलला. तिन्ही जावा तीन दिशांना. रिंगा चालताना थोड्या फिरतात, पण खूण काही खालची वर होत नाही. वरच्या दोघींची खूण वर होती. तुझ्यासारख्या रिंगा मला सुद्धा टाकता येत नाहीत, एक ओरखडा नव्हता. तेव्हाच बसमध्ये बसून पनवेलला यायला हवं होतं. मी काय केलं? तुझ्या चांगल्या रिंगा काढल्या, नव्या टाकल्या, आणि तात्यांना म्हटलं काम झालं. लोक म्हणाले बापानं पोरीचं सरळ केलं, मी मान हलवली. तेरा महिने मान हलवली. आणि तू तिकडं तुझ्या हाताला दोष देत बसलीस. याला माफी मागायची म्हटलं तर शब्द थिटा पडतो, म्हणून मागत नाही. परत ये असंही म्हणत नाही. तू कुठल्या वर्कशॉपात उभी राहायचं ते तुझं तू ठरव. पण काउंटरवर माझ्यामुळं बसू नकोस. पाकिटात कागदाच्या पुडीत तुझ्या तीन रिंगा आहेत, फेकवल्या नाहीत, तंबाखूच्या डबीत ठेवल्या होत्या. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही, तेव्हा तू स्वतः बघ. पहिली रिंग उजेडात धर, लागलं तर साहेबांचं भिंग घे. जी बाजू वर असते तिच्यावर काजळी धरते, खालची पिस्टनवर घासून चकाकते, हे तुला मी सांगायला नको. अक्षर कुठल्या बाजूला आहे ते बघ. काळ्या बाजूला आहे, पोरी. काळ्याच बाजूला आहे.

तुझाच,
न मोजता बोललेला
बाबा